तळ्यातल्या म्हातारीचा जबाब

—नाही, नाही, बूट तेवढे दाराशीच काढ, आनेली. युनिव्हर्सिटीतून आलीस म्हणून काय झालं, राजा आला तरी मी मोज्यांवरच आत घेतो. हां, अशी बस. कॉफी घे. चीज टाक त्यात, दोन तुकडे, तळाशी जाऊन मऊ होऊ दे, आमच्या उत्तरेत अशीच पितात. तोंड वाकडं करतेस म्हणजे दक्षिणेकडची दिसतेस. असो. तर जबाब — तुझा तो फॉर्म. लिही तू, मी सावकाश सांगतो.

गेल्या गुरुवारी तुमची परदेशातून शिकायला आलेली चौदा पोरं सहलीला इथं होती, बरोबर मास्तर पॉन्टुस — बरा माणूस आहे, पण त्याची दाढी त्याच्यापेक्षा जास्त शिकलेली वाटते. दरवर्षी एप्रिलअखेर येतात. सकाळी मी एकेकाच्या गळ्यात बर्फाचे खिळे अडकवले — लाकडी मुठी, पुढं टोक, पाण्यात पडलं तर बर्फात खुपसून वर यायचं — आणि सगळ्यांना अंगणात पालथं पाडून सरपटायला लावलं. दुसरा कुणी पडला तर उभ्यानं धावायचं नाही, पालथं पडून मफलर फेकायचा, हेही शिकवलं. आणि नियम सांगितला — एकच नियम — माझ्याशिवाय तळ्यावर पाऊल टाकायचं नाही. हे लिही. ‘नियम सांगितला होता.’ जरा ठळक लिही.

मग तीनच्या कॉफीला म्हातारीची गोष्ट. कुठली म्हातारी? तळ्यातली! तुला कुणी सांगितलंच नाही? मान चिमणीएवढी उंच, पाठीवर शेवाळ, आवाज असा की गाईचं दूध आटतं. माझ्या पणजोबाच्या वेळी तिनं पाद्र्याची होडी उलटवली; पाद्री वाचला, प्रवचन बुडालं, गावानं म्हातारीचे आभार मानले. हसू नकोस, एकोणीस वर्षांत तीनशे बारा जणांनी तिला ऐकलंय. माझी बायको गुनिल्ला वही ठेवते — तारीख, वारा कुठला, आवाज कसा. आणि गुनिल्लाला खोटं बोलताच येत नाही. शेजारणीचा केक कसा झाला म्हणून विचारलं तर ही खरं सांगून येते. म्हणून तर लोक त्या वहीवर विश्वास ठेवतात, आणि म्हणून तर सहली इथं येतात, पलीकडच्या तळ्यावर जात नाहीत.

गोष्ट संपली, आणि मी दाराशी जाऊन बूट मोजले. का म्हणजे? दाराशी बूट आहेत म्हणजे माणूस घरात आहे — याहून पक्की हजेरी तुमची युनिव्हर्सिटीही घेत नसेल. चौदा जोड, शिवाय पॉन्टुसचे. त्यानं आतून विचारलं, ‘सगळे आहेत ना रे, हॉकान?’ मी म्हटलं, ‘सगळे आहेत.’ आणि शेडमध्ये लाकडं फोडायला गेलो. शेडमध्येच होतो. लिहिलंस? आता मला काय ठाऊक, की ती पोर्तुगालची इनेश — तिचे बूट ओले होते म्हणून — गुनिल्लाचे रबरी बूट चढवून मागच्या दारानं बाहेर पडलीय! दुसऱ्याचे बूट घालून कुणी जातं का गं? आमच्या गावात एकवेळ दुसऱ्याची बायको नेतील, बूट नाही नेणार.

बर्फ फुटला. पोर छातीपर्यंत भिजून आली, दात वाजत होते. पॉन्टुसनं विचारलं तर म्हणाली, ‘म्हातारी बघायला गेले होते.’ झालं. नियम मोडला, एकटी गेली, स्वतःच्या तोंडानं कबूलही केलं. मी त्यात काय सांगणार? आता तिची शिष्यवृत्ती काढून घेतील, घरी पाठवतील — कधी आहे म्हणालीस बैठक? सोमवारी. वाईट वाटतं. पण नियम तो नियम.

हो, आवाज आला म्हणूनच गेली असणार. मीही ऐकला की. शेडमध्ये शिंगाचा आवाज अगदी स्पष्ट — म्हणजे म्हातारीचा. शिंगासारखा असतो, असं म्हणतोय. तिथं लव्हाळ्याजवळ खालून झरा आहे, बर्फ वरून जाड दिसतो नि आतून पावासारखा. हे त्या पोरीला कळलं बघ, ती लांबच पालथी पडली, नीट, मी शिकवलं होतं तस्सं, आणि गळ्यातला मफलर सोडून — बारीक आहे गं, पण ताकद केवढी! चौऱ्याण्णव किलोचा माणूस ओल्या कपड्यांसकट ओढायचा म्हणजे —

…

हो. चौऱ्याण्णव. तिचं वजन पन्नास असेल नसेल.

पेन खाली ठेव जरा. ठेवलंस? नको. उचल. उचल आणि लिही.

बूट मी पोरांच्या काळजीनं मोजतो असं तुला मघाशी वाटलं असेल, पॉन्टुसलाही वाटतं. मी मोजतो ते बाहेर मला बघणारं कुणी उरलं नाही ना, एवढ्यासाठी. मग मागून तळ्यावर जातो, लव्हाळ्यात बसतो आणि भूर्जाच्या सालीचं जुनं शिंग फुंकतो, गुरं हाकायचं. एकोणीस वर्षं. खिळे माझेही आहेत, खुंटीला. माझ्या तळ्यावर मला कशाला लागतात खिळे? — आणि गेलो खाली. त्या पाण्यात ओरडता येत नाही, आनेली, छाती आवळून येते, शब्दच निघत नाही. हातात शिंग होतं. तेच फुंकलं. मदतीसाठी फुंकलं गं! आणि आत पॉन्टुस पोरांना म्हणतोय, ‘ऐका, ऐका, काय रंगात आलीय आज!’ गुनिल्लानं वहीत लिहिलंय — ‘आजवरचा सर्वांत स्पष्ट आवाज. करुण.’ सगळ्यांनी ऐकला. खिडकीशी गर्दी केली. पाण्यात माणूस आहे हे त्या एकटीनं बघितलं.

मला काढताना तिच्याखालचाही बर्फ फुटला. दोघं काठाला लागलो, आणि मी तिला काय म्हटलं असेन? आभार? छे. मी म्हटलं, ‘गुनिल्लाला सांगू नकोस.’ तिनं मान डोलावली. मी सौनात, आमच्या वाफेच्या न्हाणीघरात, शिरलो, लालभडक होऊन बाहेर आलो, सौनातून माणूस लालच निघतो, कुणी काही विचारलं नाही.

मला वाटलं, पोरीला चार शब्द ऐकावे लागतील, मिटेल. तू कितीदा विचारलंस तिला? — तीनदा? घरी पाठवतील हे सांगून विचारलंस? — आणि तरी नाही बोलली? एका शब्दानं नाही?

काय पोर आहे.

लिही. ‘हॉकान पाण्यात पडला. इनेशनं त्याला काढलं. बाहेर तिला हॉकाननंच बोलावलं होतं.’ म्हातारीचं? तेही लिही. मग पुढच्या वर्षी सहल नाही, मला कळतं, मला समजावू नकोस. सही कुठं करू? इथं? पूर्ण नाव?

घे. सोमवारी हेच वाच, आधी हेच वाच.

ती गाडी ऐकलीस? गुनिल्ला आली दुकानातून. नाही, तू थांबू नकोस, तिला हे मीच सांगणार. तू बसलीस तर ती तुला बन वाढत बसेल, हसून बोलेल, मला काही म्हणणार नाही — आणि तिला म्हणायचं असेल. एकोणीस वर्षांचं असेल. कॉफी राहू दे तशीच. कागद नीट धर, वारा आहे बाहेर.

जा तू.