गार आहे, बघा

— नाही, त्या दारातून नाही येणार ती. ज्या दारातून आत नेलं ना तुमच्या मुलीला, त्याच दारातून बाहेर येईल. आणि वेळ लागेल हं, पहिल्या दिवशी लागतोच, झोप कशी, भूक कशी, लहानपणी कशी होतीस, सगळं विचारत बसतात डॉक्टर. तुम्ही आपल्या निवांत बसा. इकडे सरका, त्या खुर्चीचा पाय हलतो. ते डॉक्टरांचं दार, आणि हे अलीकडचं आहे ना, ते मॅडमचं. डॉक्टर गोळ्या लिहून देतात, मॅडम नुसत्या बोलतात. बोलतात कसल्या, ऐकतात. आमचे हे तिथेच आहेत आत्ता, दर आठवड्याला असतात. रडताय का ताई? रडा, रडा, ह्या खुर्च्यांवर सगळेच रडून गेलेत. आणि वेडबिड काही नसतं ते, भिंतीवर लिहिलंय बघा, शरीर आजारी पडतं तसंच मनही पडतं — मला तर बसून बसून पाठ झालंय. त्याखाली यादी आहे, चिंता, नैराश्य, अचानक घाबरं होणं... तुमच्या मुलीचं वरून दुसरं असणार, खोलीतून बाहेरच येत नाही म्हणालात ना. आमच्या ह्यांचं सगळ्यात खालचं, तेच तेच विचार आणि तीच तीच कृती. आमच्या सासूबाई मंत्रचळ म्हणायच्या. वर म्हणायच्या, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. पण जाते हो. होतात माणसं बरी. तेच तर सांगतेय तुम्हाला.

आमचं कपडे धुण्याचं आणि इस्त्रीचं दुकान आहे. हे इस्त्री करतात, मी घड्या घालते, गठ्ठे बांधते. ह्यांचा हात बघायला हवा तुम्ही — आधी कॉलर, मग खांदा, मग बाह्या, एक सुरकुती दाखवा म्हणावं. पण दुकान बंद करायची वेळ झाली की माणूसच बदलायचा. बटण बंद केलं, पिन काढली, वायर गुंडाळली, इस्त्री पत्र्यावर उभी केली. झालं ना? नाही झालं. शटर ओढायचं, कुलूप लावायचं, चार पावलं जायचं, की वळले. अगं, इस्त्री बंद केली ना? केली. कोपऱ्यापर्यंत जायचं, की परत. अगं, नक्की? मग शटर वर, आत जाऊन बघायचं, शटर खाली. शेजारचा चष्मेवाला म्हणायचा, तुमच्या शटरला तेल नको, तुम्हीच घासून गुळगुळीत केलंय. मला हसू यायचं आणि ह्यांच्या कपाळावर घाम. आयुष्यात कधी काही जळलं नाही हो आमचं, एकदा इस्त्रीच्या टेबलावरच्या कांबळ्याला करपल्याचा डाग पडला होता, तेवढाच. पण ह्यांच्या डोळ्यांसमोर अख्खी गल्ली पेटलेली असायची, वरच्या मजल्यावरची पोरंबाळं दिसायची. खोटं नव्हतं ते, त्यांना खरंच दिसायचं.

मग एकदा मी काय केलं — हे नीट ऐका. मी आत गेले, इस्त्रीच्या तळाला हात लावला, असा, अख्खा तळवा, आणि बाहेर येऊन तो ह्यांच्या गालावर ठेवला. म्हटलं, गार आहे, बघा. काय सांगू तुम्हाला, माणूस शांत. खांदे खाली आले, डोळे मिटले, घरापर्यंत एक शब्द नाही. मग रोजचंच झालं ते. इस्त्री गार व्हायला वेळ लागतो ना, म्हणून आम्ही ती आधीच बंद करायला लागलो, आणि ती गार होईपर्यंत मी घड्या घालत बसायची. तुम्ही हसाल, पण आमच्या संसारात लाडाचं म्हणावं असं एवढंच. हे काही बोलके नाहीत. लग्नाचा वाढदिवस मी आठवण करून दिली तर आठवणार. पण रोज संध्याकाळी, भर रस्त्यात, माणसं जातायत येतायत, आणि हा उंचापुरा माणूस डोळे मिटून, गाल पुढे करून माझ्यासमोर उभा. आहे का कुणाचा नवरा असा? चष्मेवाल्याची बायको बघत राहायची. बघू दे म्हटलं.

वाढत गेलं, ते नाही म्हणत मी. पुढे पुढे एका हातानं भागेना, दुसऱ्या गालालाही लावायला लागायचा. मग घरी पोचल्यावर परत जावं लागायचं, ह्यांना जमेना म्हणून मी जायची, हात गार ठेवायला तळवा उघडा धरून यायची परत. माझ्या मावसभावाच्या लग्नाला गेलो नाही, दुकान सोडून लांब कसं जायचं? शेवटी शेवटी हे दुकानातच अंथरूण टाकायला लागले, इस्त्रीच्या शेजारी. तेव्हा माझ्या भावानं हाताला धरून इथे आणलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मॅडमकडे पाठवलं. मी म्हटलं बरं झालं. खरंच म्हटलं होतं.

मॅडम म्हणजे — माझ्या भाचीच्या वयाची आहे हो. कॉलर कायम चुरगळलेली. तिनं मला एकदा आत बोलावलं, गोड बोलते, खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाली, तुम्ही त्यांना प्रेमानं धीर देता, पण त्यानंच आजाराला खायला मिळतं. खाजवलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि खाज वाढते, तसं. त्यांना खात्री नसतानाही पुढे चालायला शिकायचंय. तेव्हा त्यांनी विचारलं की हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही. म्हणायचं, माहीत नाही. असेल बंद, नसेल. आणि गालावर हात तर ठेवायचाच नाही. बघा म्हणजे. मला माहीत असतं, माझ्या ह्या हाताला माहीत असतं, आणि मी म्हणायचं माहीत नाही. इतक्या वर्षांत ह्यांच्याशी एक खोटं बोलले नाही मी, ते ह्या पोरीच्या सांगण्यावरून बोलायचं. पण बोलले. पहिल्यांदा बोलले तेव्हा ह्यांनी असं बघितलं माझ्याकडे, जसं काही मी त्यांना रस्त्यात सोडून निघाले. घामानं शर्ट भिजला, पण चालत राहिले. दुसऱ्या दिवशी थोडं कमी. असं करत करत, खरंच, कमी होत गेलं. परतायचं कमी झालं, मग विचारायचंही कमी झालं. सोनारानंच कान टोचावेत म्हणतात ना. म्हणजे आम्ही कोणीच नाही.

ऐकलंत? आत्ता हसले ना आतमध्ये? नाही? मला वाटलं हसले. मागच्या महिन्यात हसले होते, दाराबाहेर मला स्पष्ट ऐकू आलं, चांगलं खळखळून. घरी येऊन विचारलं, काय हसत होतात? म्हणाले, काही नाही गं, असंच. असंच! माझ्याशी ‘काही नाही’ आणि तिच्याशी तासभर? काय असतं एवढं बोलायला? आणि इथे यायच्या दिवशी सकाळी दाढी, आणि धुवट शर्ट, त्याला इस्त्री अशी की कागद कापावा. त्या खोलीतले पडदे बघितलेत का, दार उघडलं की दिसतील — ते ह्यांनी काढून नेले, धुतले, इस्त्री केले, स्टुलावर चढून परत लावले. मळले होते म्हणे. आमच्या घरच्या पडद्यांना इस्त्री लागलेली मी बघितली नाही, दिव्याखाली अंधार. नाही, तसलं काही नाही हो, तुमच्या मनात आलं असेल तर काढून टाका, ह्यांच्या मनात तसलं येत नाही आणि ती पोर सरळ आहे. तसलं असतं तर बरं झालं असतं एक वेळ, भांडले तरी असते. आता भांडू कशाशी? बरं होण्याशी?

आणि मी सांगते, तुमचंही होईल असं. आज तुमची मुलगी रडत बाहेर येईल, तुमच्या गळ्यात पडेल. मग काही दिवसांनी हसत येईल, आणि ते हसू तुमच्यामुळे आलेलं नसेल. तेव्हा मला आठवा. आत्ता तिचं ताट खोलीच्या दाराशी नेऊन ठेवता ना तुम्ही? ओळखलं मी. आणि तिनं ते उचलून आत नेलं की कसं बरं वाटतं — हो ना? नका सांगू. मला माहितेय कसं वाटतं ते.

मागच्या आठवड्यातलीच गोष्ट. संध्याकाळी मी लवकर घरी आले होते, हे एकटेच दुकान बंद करून आले. शीळ घालत. लग्न झाल्यापासून ह्यांची शीळ ऐकली नव्हती मी, येते हेच माहीत नव्हतं. हात धुतले, जेवायला बसले, आणि म्हणाले, आज मागे वळून बघितलंसुद्धा नाही. मी वाढता वाढता थांबले. आनंदच झाला होता मला, शप्पथ. आणि मग म्हणतात, कधी एकदा मॅडमना सांगतोय असं झालंय. मॅडमना. समोर मी बसलेय, हातात वाढायचा डाव आहे माझ्या, आणि सांगायचं मॅडमना. मी आपलं सहज म्हटलं, इस्त्रीची पिन काढली होती ना तुम्ही?

सहज म्हटलं.

नाही, सहज नाही. कशाला सहज म्हणू. मी बघत होते त्यांच्या तोंडाकडे. घास तसाच राहिला हातात. उठले, हात न धुता निघाले. मी मागोमाग, पायात धड काही घातलं नाही. शटरपाशी उभे होते, कुलपाला किल्ली लागत नव्हती. मी घेतली किल्ली. मी आत गेले. इस्त्री गारच होती, पिन काढलेली, वायर कशी नीट गुंडाळलेली, किती नीट गुंडाळली होती हो. मी हात लावला, बाहेर आले, गालावर ठेवला. गार आहे, बघा. आणि त्यांनी डोळे मिटले, आणि माझा हात धरून ठेवला गालावर, दोन्ही हातांनी. आणि ताई, मला बरं वाटलं. काय करू, इतकं बरं वाटलं मला.

त्या दिवसापासून परत सुरू झालंय सगळं. रोज. मी हात लावते, कशाचं ‘माहीत नाही’ नि काय. हे खंगलेत आठवड्यात. आज येताना वाटेत म्हणाले, मॅडमना सांगून टाकतो, मला नाही जमणार हे, माझ्या डोक्यातच खोट आहे, आपण बंद करू यायचं. ऐकलंत ना — जिंकले मी. आणि पुढे काय म्हणाले माहितेय? म्हणाले, त्या दिवशी जेवताना मला असा भास झाला, की तू विचारलंस पिन काढली का म्हणून. भास झाला म्हणे. ह्या आजारात माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नसतो, कानांवरही नसतो. त्यांना वाटतं त्यांच्या डोक्यानंच माझ्या आवाजात विचारलं. आणि मी ते तसंच वाटू दिलं. बस आली, चढलो, मी खिडकीबाहेर बघत बसले. त्यांनी जागा दिली मला खिडकीची.

अशा बघू नका माझ्याकडे. तुम्ही ओळखीच्या नाही म्हणून बोलले, ओळखीच्यांना कोण सांगतं असलं. आणि मी काय मारलं नाही, झोडलं नाही. एक प्रश्न विचारला. बायकोनं नवऱ्याला विचारू नये का एवढं? — विचारू नये. माहितेय मला. ह्या खुर्च्यांचे दांडे किती गार आहेत बघा, मघापासून दांडा धरून बसलेय मी, माझं माझ्याच लक्षात आलं नाही. तयारीच चाललीये जणू हाताची.

आले. आले बघा, हे आमचे. तोंड बघा कसं झालंय. सांगून टाकलेलं दिसतंय आत. — झालं का हो? बसा जरा. नाही बसायचं? बरं. काय? — ऐकलंत ना ताई, काय विचारतायत? दुकानातून निघताना इस्त्री बंद केली होती ना, म्हणतायत. पिन मी काढलीये आज, माझ्या हातानं. आणि हे असे गाल पुढे करून उभे आहेत, चारचौघांत.

माहीत नाही.

चेष्टा नाही करत. माहीत नाही मला, अहो. असेल बंद, नसेल. — हात नका धरू. तो पिशवीत आहे, तिथेच राहू दे. घाम आला तर येऊ दे, उभे राहा, जाईल. आणि ऐका, भास नव्हता तो. मी विचारलं होतं. त्या दिवशी जेवताना, पिन काढली का म्हणून, मीच विचारलं होतं तुम्हाला, मुद्दाम. तुमचं डोकं शाबूत आहे. — आता काही बोलू नका. बसा इथे माझ्या खुर्चीवर, पिशवी धरा. मॅडम आहेत ना आत अजून? दार लावू नका म्हणावं. आज मी बोलणार आहे त्यांच्याशी, तुम्ही बसा बाहेर.

आणि ताई, तुम्ही काय माझ्याकडे बघत बसलात? लेक बाहेर आलीये तुमची. जा.