सत्काराची जागा

"हॅलो?… कोण?… हां, बोल. जरा हळू बोल गं, फोन पॅसेजमध्ये आहे, आत सगळं ऐकू जातं… नाही, झोपले नाहीत. बसलेत. रेडिओ लावून दिलाय मी."

थोरलीने रिसीव्हर खांद्याशी दाबून वायर ताणता येईल तेवढी ताणली आणि आतल्या खोलीचे दार पायाने लोटले. आत कोणीतरी मिरचीच्या रोपांवरील किडीविषयी बोलत होते, आवश्यकतेपेक्षा बऱ्याच मोठ्या आवाजात. खिडकीशी आरामखुर्चीत तिचा नवरा बसला होता. गाव त्याला घड्याळजी म्हणे. लोकांची घड्याळे दुरुस्त करता करता त्याचे डोळे गेले, आणि उरले ते उजेड-काळोखातला फरक सांगण्यापुरते. कान मात्र शाबूत होते. घराची सध्याची अडचण हीच होती.

"हं, बोल आता… सत्कार पाच वाजता, माहीत आहे. पत्रिका आली की… हो, हो… अगं ऐक ना. ह्यांना ताप आहे… कालपासून… किती म्हणजे, अंग गरम लागतंय… समितीची चिटणीस आहेस तू, डॉक्टर नाहीस… बरं, नाही. नाहीये ताप. तुझ्याशी खोटं बोलून मला काय मिळणार. पण त्यांना तिथे न्यायचं नाही."

"…का? हे तू मला विचारतेस? परवा दूध आणायला गेले, तर तळ्याच्या काठावर बुलडोझर उभा. लव्हाळी गेली, पाणकणसं गेली, सगळं खरवडून वर खडी पसरलेली. मला आधी वाटलं, मीच वाट चुकले… पार्किंग. हो, कळलं… आणि मांडव… पाहुणे सापाला घाबरतात. बरोबर आहे. पाहुण्यांना साप चावायला नको."

पर्यावरणाची राखण करणाऱ्यांचा सत्कार करावा असे गावाने त्या वर्षी एकमताने ठरवले होते. 'हरित नागरिक' म्हणून घड्याळजीची निवड झाली. कारण पाय घसरून घरी बसेपर्यंत तळ्याकाठचे ते लव्हाळ्यांचे रान त्याने एकट्याने सांभाळले होते. गुरे हाकलली, कचऱ्याच्या गाड्या परतवल्या, पेटवायला आलेल्यांच्या हातातून काडेपेटी काढून घेतली. सत्कार त्याच्या कर्मभूमीवरच व्हावा, ही सूचना थोरलीच्या धाकट्या बहिणीची, म्हणजे फोनवरच्या चिटणीसबाईची. तिच्यावर टाळ्या पडल्या. पुढे असे आढळून आले की कर्मभूमी सत्काराला अपुरी पडते, म्हणून ती पुरेशी करण्यात आली. खडी आणि यंत्र ज्याने विनामूल्य दिले, त्या खडीवाल्याला त्याच मांडवात 'हरित उद्योग' हा सन्मान मिळायचा होता. यात कोणालाही काही वावगे दिसले नाही. एकमताचा हा मोठाच फायदा असतो.

"नाही, तुझा हेतू वाईट होता असं मी म्हणतच नाहीये… तुझा हेतू लहानपणापासून चांगलाच असतो. मासा गारठेल म्हणून बरणीतून काढून दुलईत ठेवला होतास, तेव्हाही चांगलाच होता… रडतेस काय. रडू नकोस… पुन्हा उगवेल? खडीतून?… गवतच आहे म्हणे. अगं, ह्याच फोनवर मी तुला ह्यांचा निरोप दिला होता ना? वटवट्यांनी घरटी केलीत, आता पिल्लं उडेपर्यंत तिकडे कोणाला फिरकू देऊ नका म्हणून?… आठवतंय. मग?… गडबडीत राहून गेलं."

वटवट्या म्हणजे चिमणीहूनही लहान पक्षी. लव्हाळ्याचे दोन-चार देठ एकत्र गुंफून त्यांत घरटे बांधतो आणि पहाटेपासून अंधार पडेपर्यंत अखंड बडबडतो. खिडकीतून तळे दिसत नसे, मध्ये बंद पडलेल्या गिरणीची भिंत होती. ऐकू मात्र सगळे येई. घड्याळजी म्हणायचा, घरात एक वटवट्या आणि बाहेर शंभर, पण बाहेरचे निदान रुसत नाहीत. त्यांच्यापायी ती खिडकी कधी लागली नाही. थंडीत नाही, डासांत नाही, पाहुणे शिंकू लागले तरी नाही. या जोडप्याच्या संसारात भांडणाचे विषय फारसे नव्हते. जो होता तो ही खिडकी. थोरली लावायला उठे, तो म्हणे, "राहू दे." ती कपाळाला हात लावून शाल आणायला जाई.

"परवापासून विचारतायत मला, आवाज का येत नाही… मशीनचा आला तेव्हा सांगितलं, रस्त्याचं काम चाललंय. मग म्हटलं, वारा उलटा आहे. मग म्हटलं, ढगाळ हवा आहे, गप्प असतील. शेवटी रेडिओ लावला. मिरचीवरची कीड ऐकतायत बिचारे. ज्या माणसाने आयुष्यात कुंडीत एक रोप लावलं नाही… आणि तू म्हणतेस, गाडी पाठवते."

"…निघाली? मला न विचारता?… खडीवाल्याचीच गाडी. वा… अगं, शाळेच्या हॉलमध्ये करा ना. खुर्च्या काय, उचलून नेता येतात… फ्लेक्स? फ्लेक्सचं काय… मोठा आहे, हलवता येत नाही. कसला आहे तो?… लव्हाळ्यांचा फोटो. आधीचा… म्हणजे जिथे लव्हाळी होती, तिथेच लव्हाळ्यांचा फोटो उभा केलात… आणि कडेने कुंड्या. नर्सरीतून भाड्याने. हो, हिरवं दिसायला हवंच."

"…काय म्हणालीस?… पुन्हा म्हण… 'भाऊजींना दिसतंय कुठे.' नाही, पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. पुन्हा म्हणवतं का ते बघत होते."

तिने वायर बोटाभोवती गुंडाळली. रागाने तोंड कडू झाले होते. पण राग निखळ असता तर तिने रिसीव्हर आपटला असता. तो आपटवेना, कारण बहिणीने आत्ता जे मोठ्याने सांगितले, त्याच हिशेबावर ती स्वतः परवापासून घर चालवत होती.

"ऐकतेय मी, बोल… आवाज? कसला आवाज लावणार?… स्पीकरवर. पक्ष्यांचे… मोबाइलवरून मिळतात. मांडवामागे ठेवणार… हं."

"…वटवट्याचा मिळतो?"

हा प्रश्न तिने अगदी हलक्या आवाजात विचारला, आणि विचारताक्षणीच तिला स्वतःची शिसारी आली. तरी डोळ्यांपुढे चित्र उभे राहिलेच. खडीवर ठेवलेली खुर्ची, मागे छापलेली लव्हाळी, कुंड्यांआड स्पीकर, आणि कान टवकारून हसणारा तिचा नवरा. मग उद्यापासून तोच आवाज इथे खिडकीखालीही लावता आला असता. सकाळी लावायचा, संध्याकाळी बंद करायचा. दोघांचे उरलेले आयुष्य या पद्धतीने सुरळीत पार पाडता येण्यासारखे होते.

"किती वेळ चालतो तो?… आणि संपला की परत पहिल्यापासून… कळेल गं त्यांना. तोच पक्षी, तेच तेच… पण भाषणं चालू असतील, टाळ्या असतील… पुढे बसवू नका म्हणजे, स्पीकरपासून लांब… थांब, विचार करू दे मला. एक मिनिट थांब."

रेडिओ बंद झाला होता. कधी, ते तिच्या लक्षात आले नाही. पॅसेजमध्ये केवळ तिचाच आवाज उरला होता, आणि तो लहान आवाज म्हणून कधीच प्रसिद्ध नव्हता.

"…थांब गं. आतून हाक मारतायत… हो, आले… धाकटीचा आहे फोन. काय?… काय म्हणालात?"

रिसीव्हर हातात लोंबकळत ठेवून ती दारात उभी राहिली. घड्याळजीने तोंड खिडकीकडेच ठेवले होते. तो हळू बोलत होता, गिऱ्हाइकाला घड्याळ आता दुरुस्त होणार नाही असे सांगताना बोलायचा तसा.

"…हॅलो. आहेस का?… ऐकलं त्यांनी… नाही गं, आत्ताच नाही. परवाच कळलं होतं म्हणतात. मशीन सुरू झालं, सगळे एकदम ओरडले आणि मग थांबले… मी एवढ्या खटपटीने लपवतेय, मला वाईट वाटेल, म्हणून बोलले नाहीत. म्हणून मिरचीचं ऐकत बसले होते."

"…रागावले नाहीत. नाही, तुझ्यावरही नाही… ऐक. तुला एकच विचारायला सांगितलंय. खरवडलं तेव्हा तू होतीस ना तिथे? फोटो काढायला?… हं. विचारतायत, घरट्यांत अंडी होती का, की पिल्लं उडून गेली होती आधीच."

"…हॅलो?… लाईन चालू आहे. तुझा श्वास ऐकू येतोय मला."

"…बरं. किती, ते नको सांगूस."

रिसीव्हर छातीशी धरून ती दाराकडे वळली. वारा झाला होता, ढग झाले होते, रेडिओ झाला होता. अजून एक उत्तर शिल्लक होते, आणि ते सगळ्यांत सोपे होते: उडाली होती. खुर्चीतला माणूस तेही ऐकून घेणार, मान डोलावणार, हे तिला ठाऊक होते. तिच्यासाठी त्याने एवढे ऐकून घेतलेच होते.

"अंडी होती, म्हणते."

आत खुर्ची करकरली. मग रस्त्यावर हॉर्न वाजला.

"…आहे मी, आहे… गाडी आली वाटतं. सांगते त्याला, तसाच परत जा म्हणून… नाही, मीही नाही येणार. खुर्ची रिकामी कशाला ठेवता, दोन्ही सन्मान खडीवाल्यालाच द्या, फोटो छान येईल… नाही गं, तुला नाही टोमणा… हो… हो, नंतर बोलू. ठेवते आता, ते बोलावतायत… काही झालं नाही त्यांना."

"…खिडकी लाव म्हणतायत."