देव आणि रजेचा अर्ज

दातांच्या दवाखान्यात हेडक्लार्क आपला सुजलेला गाल वर्तमानपत्राआड लपवून बसले होते. समोरच्या बाकावरून येणारा आवाज त्यांच्याच ऑफिसातल्या कारकुनाचा होता, आणि त्याच्यासोबत त्याची थोरली बहीण होती.

“ताई, दाढ दुखते म्हणून मी खोटी रजा टाकली, आणि आठवड्यात ती खरंच ठणकायला लागली. देवाने बरोबर पकडलं मला.”

“देव कसा असतो रे?”

“सुखी असतो. त्याला कशाची ददात नाही.”

“आणि एवढा सुखी देव तुझे रजेचे अर्ज तपासत बसतो?”

“बसत असेल.”

“तुमच्या ऑफिसात ते काम कोण करतं?”

“हेडक्लार्क. बारीकसारीक चुका काढतो, मनात धरतो आणि वेळ आली की उट्टं काढतो.”

“तो सुखी आहे?”

“तो कसला सुखी. कपाळावर सदा आठ्या.”

“मग अक्कल कुठे गहाण टाकलीस? देव सुखी, एवढंच तुला ठाऊक होतं. बाकीचा देव तू हेडक्लार्कच्या मापाने बेतलास.”

इतक्यात नर्सने हाक मारली, आणि हेडक्लार्कना वर्तमानपत्र खाली ठेवावंच लागलं.

“ताई, हेच ते,” कारकून पुटपुटला. “सगळं ऐकलं त्यांनी.”

“ऐकू देत. गाल बघितलास त्यांचा? देवाची दाढ ठणकत नाही.”