खिडकीचो गोणपाट

काशीबाई : हात लावून बगा, डॉक्टरीणबाय. माझ्या करडांका दांड्यान मारल्यान, दुसरा काय नाय.

डॉ. संचिता : कोणी, काकी?

काशीबाई : आणि कोण? भिंतीपलीकडली. माझी जाऊ, लक्ष्मी. हळू बोला, तिचे कान लय तिखट.

डॉ. संचिता : मारलं असतं तर एखादा पाय दुखावला असता. इथे दोन्ही करडांचे पुढचे पाय वाकलेत, अगदी सारखेच. गुडघे बघा केवढे सुजलेत. आता बरगड्यांवरून बोट फिरवा.

काशीबाई : अगो बाय! दाणे लागतत! करणीच ही.

डॉ. संचिता : खायला काय घालता?

काशीबाई : आवशीचा, शेळयेचा दूध, वर पेज नि भाताचो कोंडो. नातवांचे केले नाय इतके लाड.

डॉ. संचिता : आणि उन्हात कधी सोडता?

काशीबाई : सोडूक येडी काय मी? चार महिने झाले, जन्मल्यापासून हयच गोठ्यात आसत. खिडकेक गोणपाट मीच ठोकलंय. तिची नजर वायट.

डॉ. संचिता : चार महिने या काळोखात?

काशीबाई : तर! तीनदा येवन सांगून गेली, ‘वयनी, पोरांका वायच उन्हात सोड गो.’ माका तेवाच संशय इलो. हिका बगूक व्हयी होती ना!

डॉ. संचिता : काकी, हा मुडदूस आहे. ऊन नाही, कोंड्यात चुना नाही, म्हणून हाडं मऊ राहिली. अंगाचं वजन पेलेना, वाकली. रक्त तपासायला नेते, पण मला खात्री आहे. काठी नाही, नजर नाही. तो गोणपाट.

काशीबाई : माझो?

डॉ. संचिता : औषध देते. कोवळी आहेत, पाय बरेचसे सरळ होतील. पण ऊन आजपासून पाहिजे. अहो, खाली का बसलात?

काशीबाई : सोमवारी देवळात गाऱ्हाणा घातलंय, बाय. चार माणसांत, मोठ्यान. ‘जेणा माझ्या पिल्लांचे पाय वाकडे केल्यान, तेचेय तसेच कर रे म्हाराजा.’

डॉ. संचिता : लक्ष्मीकाकींचं नाव घेतलंत?

काशीबाई : नाव नाय घेतलंय. आता ता गाऱ्हाणा माझ्याच पायांवर येतला. आणि लाज वाटता ती येगळीच.

डॉ. संचिता : देवाला मागाहून सांगा. आधी ऊन बघा. तुमच्या अंगणात तर सगळी माडांची सावली.

काशीबाई : सकाळचा ऊन पडता ता तिच्याच खळ्यात. लक्ष्मी! गे लक्ष्मी, आसस काय?

लक्ष्मी : (भिंतीपलीकडून) आसंय. खळा कवाच झाडून ठेवलंय, वयनी. घेवन ये पोरांका.