भरतीची लाँच

नाही ताई, ओढू नका. पाय ओढला की चिखल आणखी आवळतो. पुढं वाका, कोपरं या फळीवर टेका, पालथं निजल्यासारखं करा — कपडे खराब होतील ते होऊ द्या, मांडीपर्यंत रुतलात तेव्हाच झाले की. ग्वायाकिल शहरातून रोपं लावायला येणारे सगळे इथंच रुततात. हातात कांदळाचं रोप धरून ताठ उभे राहतात, फोटोला उभं राहावं तसे. हसत नाही मी. तुम्हाला नाही हसत. पाणी? हो, भरती लागलीय, पण वेळ आहे अजून. भरती पुरती भरल्याशिवाय लाँच निघत नाही, आणि तुमचे लोक खायला बसलेत, केळ्याचे गोळे वाढले की कोण उठतंय. मी बोटांनी चिखल मोकळा करते, घोट्याशी हवा गेली की पाय आपोआप सुटतो. तोवर बोलते. मी घाबरले की बोलते — म्हणजे घाबरण्यासारखं काही नाहीये, सवय आहे नुसती.

ही लाल चिंध्या बांधलेल्या रोपांची रांग दिसते? आमच्या घरची. घरटी एक रांग, दर शनिवारी घरटी एक माणूस. स्वखुशीचं काम. सासूबाईंनीच सुरू केलं हे — दोन्या इस्मेनिया म्हणतात त्यांना सगळे — कोळंबीवाले तळं नासवून टाकून गेले तेव्हा. बायकांना घेऊन बांध फोडला, खाडीचं पाणी आत घेतलं, म्हणाल्या, कांदळ परत आला की काळ्या शिंपल्याही येतील. आल्या. खोटं कशाला बोलू, आल्या. पण त्यांचे गुडघे गेले, त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, महिनोन्महिने बोटीवर, मग घरटी एक माणूस म्हणजे कोण? मीच, स्वखुशीनं. ताप असला तरी स्वखुशीनं. पोटुशी होते तेव्हा आठव्या महिन्यापर्यंत स्वखुशीनं. आणि बायका म्हणायच्या, यादिराचा हात बघा, हिचं एक रोप मरत नाही. मला वाटायचं मरावीत. एकदा तरी. पण मेली तरी पुन्हा लावायची कुणी? मीच. हे बी बघा — झाडावरच रुजतं, आईला लटकून हातभर वाढतं, मग पडतं. भरतीत पडलं तर वाहत कुठल्या कुठं जातं, ओहोटीत पडलं तर सुरीसारखं जागच्या जागी घुसतं. बियाला विचारतंय कोण.

बोटं हलवा. आतली, हां. काल तुम्ही म्हणालात ना, तुमच्या मावशींना ग्वायाकिलला घरी राहून काम करणारी बाई हवीय. मी म्हटलं विचार करते. केला. मूल चालणार नाही म्हणालात — बरोबरच आहे, लोकांच्या घरात मूल कसं चालेल. आठ महिन्यांचा आहे दारिएल. आजीचा लळा आहे त्याला. सकाळी पाजून आले, दोन्ही बाजूंनी, तो तोंड फिरवत होता तरी. दिवसभर पुरेल असं — पुरत नाही तसं, कळतं मला. पेज खातो आता. थोडी खातो. सहा महिने काढायचे फक्त, मग येऊन घेऊन जाईन त्याला. काय? हो, सगळ्याच म्हणतात तसं. माझी आईही म्हणाली होती.

या होडीत फळ्यांखाली पिशवी आहे, ती माझी. ओली लागेल हाताला. कपडे वाळले नव्हते, तसेच दोरीवरून ओढून घेतले, घरी सांगितलं रोपं लावायला चाललेय. तुम्हाला काय वाटलं, तुम्ही रुताल म्हणून मी मागं मागं आले? मला सोबत न्याल का, हे लाँचवर सगळ्यांपुढं विचारता आलं नसतं. तुम्ही रुतलात ते बरंच — वाईट बोलले. पण इथनं तुम्हाला हलता येत नाही ना, माझं ऐकून घ्यावं लागतं.

हां, सुटला. उजवा सुटला, आता डाव्याला वेळ नाही लागायचा — थांबा जरा. काही नाही, दूध आलंय. भिजू दे, चिखलात काय दिसतंय. त्याची वेळ झाली की येतं, दुधाला काय कळतंय मी कुठं आहे ते. रडतोय बहुतेक. नाही, घर पलीकडं आहे, इथं कसं ऐकू येईल — तुम्हालाही येतंय?

ती बघा, बांधावर. सासूबाई. काठी न घेता आल्यात, ते गुडघे घेऊन, त्याला कडेवर घेऊन. दोरी बघितली असणार. रिकामी. एक जुना झगा तरी लटकत ठेवायला नको का, एवढी अक्कल नाही मला. हाक मारत नाहीयेत बघा. मारली असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. नुसत्या उभ्या आहेत. त्याचं तोंड माझ्याकडं करून धरलंय.

लाँचचा भोंगा झाला. डावाही सुटला, उठा. मावशींना सांगा — नको, काही सांगू नका. पिशवी राहू दे ताई. खाली ठेवा. ठेवा म्हणते ना. फळीवरून सरळ जा, आणि मधे थांबून माझ्याकडं बघत बसू नका. इथं थांबलं की रुततं माणूस.