ढिगाला धरून ठेवणारं गवत

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरची पाहुणे मंडळी, प्रयोगशाळेतले सहकारी, खाणीतले माझे जुने सोबती आणि आज ज्या निवृत्त होताहेत त्या आमच्या मातीच्या बाई,

मी बावीस वर्षं डंपर चालवला. शाळेमागचा तो करडा ढीग आहे ना, त्यातला निम्मा मी ओतलाय. खनिजातून शिसं काढून घेतल्यावर उरलेली ती भुकटी. खाण बंद झाली, पण वारा थोडाच बंद होतो? भुकटी घराघरांत शिरली. माझ्या नातीच्या रक्तात शिसं सापडलं तेव्हा ती चार वर्षांची होती. डॉक्टर म्हणाले, ‘धुळीपासून लांब ठेवा.’ आता लांब म्हणजे कुठे ठेवायची, तुम्हीच सांगा.

त्याच साली प्रयोगशाळेतर्फे मातीचा अभ्यास करायला बाई आल्या आणि मला त्यांच्या हाताखाली दिलं. म्हणाल्या, ‘ढिगावर हिरवं उगवून आणायचंय.’ मी म्हटलं, ‘बाई, तिथे कुत्रंसुद्धा बसत नाही.’ दोन वर्षं रोपं लावली, दोन्ही वर्षं करपली. वरून पत्र आलं, काम आवरतं घ्या. (अध्यक्षांनी मनावर घेऊ नये, तेव्हाचे साहेब वेगळे होते.)

मग एका सकाळी बाई उतारावर मटकन बसल्या. मला वाटलं, चक्कर आली. बघतो तर समोर बोटभर उंचीचा गवताचा झुबका.

‘हे तुम्ही लावलंत?’ बाईंनी विचारलं.

‘नाही हो. आपलं आपण आलंय.’

‘मग याला इथे राहायचं कसं ते माहीत आहे. आपण याचंच बी धरू.’

त्या झुबक्याच्या बियांतून एक वाफा झाला, वाफ्यातून अख्खा उतार.

पाचव्या वर्षी त्यांनी मला तिथे खड्डा खणायला लावला. छातीइतका खोल गेलो तरी मुळं संपेनात. केसासारखी बारीक, आणि भुकटी अशी घट्ट धरलेली की फावडं अडावं. बाई म्हणाल्या, ‘शिसंही ती मुळांपाशीच अडवतात, पानांत फारसं चढू देत नाहीत.’ चाळीस टनांच्या गाडीनं मी जे ओतलं, ते या धाग्यांनी सावरलं होतं. मी टोपी काढली आणि खड्ड्यातच उभा राहिलो.

नातीच्या रक्तातलं शिसं वर्षागणिक उतरत गेलं. ढीग स्वच्छ झाला का? बाई सरळ सांगतात, ‘नाही. आपल्या हयातीत होणारही नाही. तो आता उडत नाही, इतकंच.’ तिथे गुरं सोडायची नाहीत, ही ताकीद अजून आहे.

गेल्या आठवड्यात बाई आपली खोली आवरत होत्या. ढिगावरचं एक ढेकूळ नेऊन मी त्यांच्या टेबलावर फोडलं. आत गांडूळ होतं, जिवंत. बाई वाकून बघू लागल्या. मग म्हणाल्या, ‘सुकेल हो ते.’ आणि सामान तसंच टाकून, दुखऱ्या गुडघ्यांनी, ते परत मातीत ठेवायला माझ्याबरोबर ढीग चढल्या.

बाई, आम्हा सगळ्यांच्या वतीनं तुमचे मनापासून आभार. तुम्ही मंडळींनी एवढा वेळ ऐकून घेतलंत, तुमचेही. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर ते पोटात घाला आणि मला बसायची परवानगी द्या.