सोलगोलची उघडी कबर

नाव हाम मान-सोप, वय चोपन्न, धंदा शेती आणि सोलगोल येथील सार्वजनिक दफनभूमीची राखण, राहणार सोलगोल, टेकडीच्या पायथ्याचे शेवटचे घर.

मी आज कोणीही न बोलावता ठाण्यात आलो असून ठाणेदार कुसाका साहेबांसमोर, साहेबांना आमची भाषा येत नसल्याने शिपाई योम यांच्या मार्फत, तोंडी सांगतो की,

सरकारी दफनभूमी सुरू झाल्यापासून तिची राखण माझ्याकडे आहे. गवत कापणे, खचलेली माती लिंपणे, रानडुकरे हाकलणे आणि मयत आली की परवाना बघून जागा दाखवणे हे माझे काम. जागा ओळीने मिळते. आधी गेलेल्याच्या शेजारी नंतरचा, मग तो कोणी का असेना. पूर्वी ज्या त्या कुळाचा आपला डोंगर असे आणि जाणता माणूस वारा-पाणी बघून जागा काढी. आता तसे केले तर छड्या बसतात. त्यामुळे गावाचा राग सरकारवर आहे, पण सरकार लांब आणि मी जवळ, म्हणून शिव्या मला पडतात. मला 'सरकारी खड्डेवाला' म्हणतात. त्याची आता सवय झाली आहे.

माझी एकुलती एक मुलगी बुन-ई हिला गावातच बान यांच्या घरी दिली आहे. जावई बान दोल-सिक. मुलीला नववा महिना चालू आहे. तिचे सासरे बान इन-ग्यू हे गेल्या हिवाळ्यात वारले. हयात असताना ते माझ्या ओसरीवर बसून माझीच तांदळाची दारू पीत आणि म्हणत, "व्याही, तुमच्या त्या ओळीत मी यायचा नाही. उशाशी भिकारी, पायथ्याशी खाटीक. तिथे ठेवलंत तर उठून चालायला लागेन."

मी म्हणायचो, "खुशाल चाला, पण गवत तुडवू नका. आत्ताच कापलंय."

हे बोलणे साऱ्या गावाने ऐकलेले आहे. माएबोंग शिखराखाली त्यांनी स्वतःसाठी जागा हेरून ठेवली होती, हेही सर्वांना माहीत होते. पण जावई भित्रा नसला तरी सरळ आहे. त्याने परवाना काढला आणि बापाला दफनभूमीतच आणले. बर्फ होते. जमीन दगडासारखी झाली होती, ती मऊ करायला मी आधी तिच्यावर जाळ केला. खांदेकरी पलीकडच्या गावचे होते. आमच्या गावातला एकही माणूस वर आला नाही, कारण बान घराण्याचा माणूस त्या ओळीत जाताना बघणे कोणाला सोसवत नव्हते. म्हणून पेटी मातीत उतरलेली गावापैकी माझ्या आणि जावयाच्या दोघांच्याच डोळ्यांनी पाहिली. तिथेच चूक झाली.

यंदा पाऊस नाही. रोपे वाफ्यातच पिवळी पडली, लावणी झाली नाही. आमच्याकडे असे मानतात की शिखरावर कोणी चोरून मयत पुरली की डोंगर रागावतो आणि पाऊस अडतो. ती मयत शोधून उकरून काढायची असते, आणि ते काम बायकांचे. पुरुषांनी त्यात पडायचे नाही. काल बायका खुरपी घेऊन माएबोंगवर गेल्या. दिवसभर उकरले. काही मिळाले नाही. खाली येताना म्हणू लागल्या की बान म्हाताऱ्याला पोराने फार खोल दडवला आहे, आणि दफनभूमीतली कबर नुसता देखावा आहे.

आज सकाळी मी दफनभूमीत असताना सुपे बडवल्याचा आवाज आला. बायका निघाल्या होत्या आणि त्यांची तोंडे बान यांच्या घराकडे होती. कोणाच्या हातात खुरपे, कोणाच्या हातात मुसळ. घरात माझी मुलगी एकटी होती. जावई लांबच्या झऱ्यावर पाण्याला गेला होता. लहानपणी मी अशा एका घराची गत पाहिली आहे. चूल फोडली, छप्पर ओढून काढले आणि घरच्या सुनेला केसांना धरून गावाच्या वेशीपर्यंत नेले. तिचे पुढे काय झाले ते कोणी सांगत नाही. मी दफनभूमीच्या कडेपर्यंत धावलो. तिथून त्या घराच्या वळणावरचे बोलणे ऐकू येते.

पुढे चालणारी एक बाई घराच्या वळणावर थांबली आणि तिने बाकीच्यांना अडवले. ती म्हणाली, "घरात काय सापडणार, मडकी? आधी कबर बघा. रिकामी निघाली तर मग घराचं काय करायचं ते करा." बायकांना ते पटले आणि त्या माझ्याकडे वळल्या.

त्याच बाईने मला सांगितले, "राखणदार, उघडा."

मी म्हणालो, "परवाना लागतो. ठाण्यातून आणावा लागेल."

"मग येताना पाऊसही घेऊन या ठाण्यातून."

काहीजणी हसल्या. दुसरी एक म्हातारी म्हणाली, "उघडत नाही म्हणजे पोकळ आहे. चला गं, घराकडे चला."

मला ठाऊक होते की माणूस आत आहे. उघडून दाखवला की गावाची शंका फिटेल आणि मुलगी सुटेल, एवढाच विचार मी केला. परवान्याशिवाय कबर मी स्वतःच्या हाताने उघडली. त्याची जी शिक्षा असेल ती मला मान्य आहे. बायकांपैकी कोणी कुदळ मारलेली नाही.

फळी काढली तर म्हातारा जसाच्या तसा होता. त्या ओळीला चिकणमाती आहे, गार असते, पाणी धरते. हिवाळ्यापासून आतापर्यंत तोंडाला काही झाले नव्हते. दाढी तेवढी ओली दिसत होती. मी इतक्या मयती पाहिल्या, पण नजर बाजूला केली. ज्याला माती घेत नाही त्याची कशात तरी नाराजी अडकलेली असते, असे आमच्यात समजतात. तरी मी आवाज चढवून म्हणालो, "बघितलंत? हेच ना ते? आता घरी जा."

काहीजणी मागे वळल्यादेखील. मला हायसे वाटले. तेवढ्यात फळीवर थेंब पडला. वाटले कोणाचा घाम असेल. मग दुसरा पडला, मग आभाळच खाली आले.  बायका रडू लागल्या, हसू लागल्या, डोक्यावरची सुपे उलटी करून पाणी धरू लागल्या. मीही तोंड वर केले. इतक्या दिवसांनी पाणी तोंडावर पडले की माणूस क्षणभर सगळे विसरतो.

मग मी माती लोटायला फावडे घेतले. पुढे असणाऱ्या बाईने मातीच्या ढिगावर पाय ठेवला.

ती म्हणाली, "झाकू नका. म्हाताऱ्याला इथे यायचंच नव्हतं. सरकारने बळेच आणून निजवला, म्हणून त्याने पाऊस धरून ठेवला. आता दार उघडलंय. खाचरं भरेपर्यंत उघडंच राहील."

हे वाक्य लिहू नका असे साहेब म्हणाले. नंतर म्हणाले की लिहा.

मी तिला म्हणालो, "अगं, माणूस आहे तो. लेकीचा सासरा आहे माझ्या."

ती म्हणाली, "त्या लेकीला पोर होईल ते काय खाईल? तुमचा परवाना?"

ती ओरडत नव्हती. शांतपणे बोलत होती, याचीच मला जास्त भीती वाटली.

इतक्यात जावई झऱ्यावरून आला. बापाच्या उघड्या तोंडावर पाऊस पडताना त्याने पाहिला. पाण्याची घागर टाकून त्याने अंगरखा काढला आणि बापावर घातला. बायकांनी तो खेचून काढला. त्याने पुन्हा घातला, त्यांनी पुन्हा काढला. मग तो खड्ड्यात उतरला आणि पेटीच्या कडेवर बसला. गवत कापायचा माझा विळा त्याने मांडीवर घेतला.

"मामा," तो मला म्हणाला, "माती टाका. जी हात लावील तिचा हात मी ठेवणार नाही."

मी म्हणालो, "तू आधी वर ये. तुझी बायको अवघडलेली आहे, तिचा विचार कर."

"बापाला असा टाकून घरी गेलो तर तिला कोणतं तोंड दाखवू? नसेल जमत तर माझ्यासकट टाका."

यावर मागून कोणीतरी म्हणाले की याची बायको इथे आणून बसवा, म्हणजे आपोआप वर येईल. पुढे असणाऱ्या बाईने त्यावर मागे वळूनही पाहिले नाही. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. त्या क्षणी मी पळालो. खड्ड्यात पाणी जावयाच्या पोटरीपर्यंत आले होते आणि कडेची माती सुटू लागली होती. वाटेत मुलीच्या घरी जाऊन तिला आतून अडसर घालायला लावला. काय झाले ते सांगितले नाही. तिने विचारले, "बाबा, पाऊस आला, मग तुम्ही असे का दिसता?" मी म्हणालो, पळत आलो म्हणून.

येताना माझे खाचर लागते. वरच्या अंगाने पाणी नुसते वाहून चालले होते. मी बांध फोडून पाणी आत घेतले आणि मग पुढे आलो. त्यात किती वेळ गेला ते माहीत नाही. जावई पाण्यात बसला असताना मी हे केले. खरे आहे म्हणून सांगतो.

साहेबांनी बायकांची नावे विचारली. पावसामुळे ओळखू आल्या नाहीत असे मी सांगितले. साहेबांनी विचारले की एवढ्याशा गावात जन्म काढून ओळखू येत नाहीत हे कसे? मी म्हणालो, सगळ्यांच्या डोक्यावर सुपे होती. साहेब म्हणाले की आरोपीच्या नावाशिवाय तक्रार होत नाही, आणि पाऊस थांबल्यावर बघू.

शिपाई योम मला आमच्या भाषेत हळूच म्हणाले, "काका, एक तरी नाव द्या. नाव दिल्याशिवाय साहेब बूट घालायचे नाहीत."

मी म्हणालो, "पाऊस थांबला तर त्या म्हणतील पोराने कबर झाकली म्हणून थांबला. नाही थांबला तर तो बुडेल. थांबायचं कशासाठी?"

"म्हणून म्हणतो, नाव द्या."

साहेबांनी आणखी विचारले की कबर बुजवली आणि पाऊस गेला तर तू आमच्यावर आळ घालशील का? माझे उत्तर असे की बुजवा. पाऊस गेला तरी चालेल, माझी रोपे जळाली तरी चालेल. आजच, आत्ताच बुजवा. जावयाला हात धरून वर काढा आणि त्याच्या हातातला विळा माझा आहे असे लिहा.

दुसऱ्याच्या बायकोचे नाव मी देऊ शकत नाही. पुढे उभी होती, मातीवर जिने पाय ठेवला, तिचे नाव पे सुन-रे, वय एकावन्न. घराकडे निघालेल्या बायकांना तिनेच वळवले, त्यामुळे माझी मुलगी या घटकेला जिवंत आहे, हेही लिहावे. गावात तिला या नावाने कोणी ओळखणार नाही. बुन-ईची आई कोण, असे विचारावे. ती माझी बायको आहे. राहणार वरीलप्रमाणे.

हा जबाब शिपाई योम यांनी मला माझ्या भाषेत वाचून दाखवला. कौलांवर पावसाचा आवाज फार असल्याने ऐकू आले नाही, म्हणून मोठ्याने पुन्हा वाचला. मी बोललो तसाच आहे, त्यात कमी-जास्त काही नाही. अंगठा दिला आहे.